नशेनं गाणं रंगतं, हे सांगणं आता थांबवा

प्रति,
मैफलींचे आणि महोत्सवांचे आयोजक, गाण्या-बजावण्याचे गुरुजन आणि कॉलेजांतली संगीत मंडळं

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्याकडे गाण्याचा हंगाम सुरू होतो. पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, गोव्यात मांडव पडतात, कलाकारांच्या तारखा ठरतात, पत्रिका छापायला जातात. त्या धामधुमीत हे बाजूला पडू नये म्हणून आत्ताच लिहिते आहे. मी गाणं शिकवते. गेली काही वर्षं आठवड्यातली एक संध्याकाळ एका व्यसनमुक्ती केंद्रात जाते, तिथल्या रुग्णमित्रांबरोबर (उपचार घेणाऱ्यांना तिथे असं म्हणतात) गायला आणि ऐकायला. आपल्या बैठकींत जे बोललं जातं त्याचे परिणाम मला तिथे दिसतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

काय बोललं जातं ते आपण सगळे जाणतो. मैफल संपते, तबले पिशवीत जातात, पानं मांडली जातात आणि किस्से सुरू होतात. अमुक उस्ताद दोन घोट पोटात गेल्याशिवाय षड्ज लावत नसत. तमुक पखवाजिये भांग चढवून बसले की त्यांचा हात वेगळाच चालायचा. सांगणारा रंगून सांगतो, ऐकणारे माना डोलावतात आणि तानपुरा धरायला म्हणून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून कानांत प्राण आणून ऐकत असतो. बंदिशीचा अंतरा त्याला दहा वेळा सांगावा लागतो. हा किस्सा मात्र एकदाच ऐकून त्याला पाठ होतो, आणि त्यातून तो एवढंच घेऊन जातो की मोठं गाणं असंच येतं.

केंद्रात मला भेटलेल्या गायक-वादकांपैकी जवळजवळ प्रत्येकानं आपली सुरुवात सांगताना असा एखादा किस्सा सांगितला आहे. व्यसनाला कारणं पुष्कळ असतात. घर, पैसा, एकटेपण, रात्रीअपरात्रीचे प्रवास, पोटात कालवणारी स्टेजची भीती. सगळा दोष किस्स्यांवर टाकणं बरोबर होणार नाही. पण नशा केल्यानं गाणं खोल जातं, ही समजूत आपल्याच घरातली आहे. ती बाहेरच्या कुणी येऊन आपल्यात पेरलेली नाही. आणि ती खोटी आहे. ती किती खोटी आहे, हे मला आपल्याला तपशिलात सांगायचं आहे.

एका तबलजीपासून सुरुवात करते. चाळिशीतला माणूस, चांगल्या घराण्याची तालीम, हातात गोडवा. ब्राऊन शुगरवर बरीच वर्षं गेली होती. केंद्रात आल्यावर पहिले दिवस टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, गेले. अंग मोडून येणं, नाक-डोळे वाहणं, झोपेचा पत्ता नाही. ते ओसरल्यावर तो माझ्या संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसू लागला, पण अगदी दाराशी. केंद्रात तबल्याची एक जुनी जोडी आहे. एकदा मी ती त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, उतरलाय हो तबला, जरा लावून द्याल का. त्यानं हातोडी घेतली. माझ्या पेटीवरची काळी एक ऐकली. मग एकेक घर बोटानं वाजवून बघत गट्टे ठोकत गेला, गजऱ्यावर हलक्या हातानं मारत गेला, एक घर किंचित चढलं ते खालून ठोकून उतरवलं. इतका नीट लागला तबला की चाटीवर बोट पडलं आणि पेटीचा सूर आणि तबल्याचा सूर वेगळे काढता येईनात. मी वा म्हटलं. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, जुळलाय हे कळतंय. पण आत काही होत नाही."

हे वाक्य त्यानंतर मी अनेकांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं. कान शाबूत असतो. श्रुती कळते, मात्रा कळते, कोण बेसूर झालं तेही कळतं. जातो तो आनंद. ज्यासाठी माणूस लहानपणी बोटं सुजेपर्यंत रियाज करतो, तेवढंच नेमकं जातं.

असं का होतं, याचा शोध घेणाऱ्यांनी बराच घेतला आहे. 2011 साली कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवडतं संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर हमखास काटा येतो अशी माणसं त्यांनी निवडली आणि ऐकताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. काटा येण्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवत होतं. पण त्याच्या आधीच, तो क्षण येणार याची चाहूल लागताच, दुसऱ्या एका भागात ते स्रवायला लागलेलं होतं. म्हणजे आनंदाचे दोन वाटे आहेत. एक वाट पाहण्याचा आणि एक पोचण्याचा.

आपल्या संगीतात वाढलेल्या माणसाला हे सांगायला स्कॅनिंगचं यंत्र कशाला हवं? विलंबित एकतालाचं एक आवर्तन चांगलं पाऊण-एक मिनिट चालतं. गायक आलापीत दूर निघून जातो. तबल्याचा ठेका शांतपणे बारा मात्रा मोजत असतो. नववी मात्रा जाते, दहावी जाते, गायक अजून वरच्या षड्जापाशीच, आणि सगळा मांडव श्वास धरून बसलेला असतो. मग मुखडा उचलला जातो आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येते. त्या वेळी तोंडून निघणारी दाद फक्त समेला नसते, आधीच्या सगळ्या वाट पाहण्याला असते. वाट पाहिलीच नसेल, तर ती सम म्हणजे तबल्यावर पडलेला एक धिन, बाकी काही नाही.

नशा वाट पाहायला लावत नाही. पुडी उघडली, पन्नीवर ओढली की काही क्षणांत मेंदूला ते सगळं मिळतं ज्यासाठी गाण्यात आवर्तनामागून आवर्तनं घालवावी लागतात, आणि कितीतरी जास्त प्रमाणात मिळतं. असं रोज होऊ लागलं की मेंदू आपली दारं अर्धी लावून घेतो. अमेरिकेतल्या नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं केलेल्या स्कॅनिंगमध्ये दिसलं आहे की कोकेन, मेथॅम्फेटामिन, हेरॉइन, दारू यांच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन स्वीकारणाऱ्या एका प्रकारच्या जागा कमी आढळतात. मग जेवणाची चव, पोराचे बोबडे बोल, सकाळचा ललत, हे सगळे साधे आनंद त्या अर्ध्या लागलेल्या दारातून आत शिरायला धडपडतात आणि बहुतेक बाहेरच राहतात.

गर्दच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या ब्राऊन शुगरच्या, बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपलं शरीर स्वतःच अफूसारखी काही द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात तयार करतं, आणि संगीताच्या सुखात त्यांचाही हात असावा असं मानायला जागा आहे. 2017 साली त्याच मॅक्गिल विद्यापीठात डॅनियल लेव्हिटिन आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना नाल्ट्रेक्झोन हे औषध दिलं. ते या द्रव्यांचा परिणाम काही काळ रोखून धरतं. मग त्या माणसांना त्यांचीच आवडती गाणी ऐकवली. अभ्यास छोटा होता, पण एकानं जे सांगितलं ते वाचून मी थबकले. हे माझं आवडतं गाणं आहे हे मला ठाऊक आहे, पण नेहमी वाटतं तसं वाटत नाहीये, अशा अर्थाचं तो बोलला होता. माझ्या तबलजीनं हातोडी खाली ठेवताना हेच तर सांगितलं होतं. त्या माणसाचं औषध दिवसभरात उतरलं असेल. वर्षानुवर्षं बाहेरून अफू घेणाऱ्याच्या शरीराला आपलं स्वतःचं देणं पुन्हा सुरू करायला फार काळ लागतो.

आता एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली पाहिजे, नाहीतर तरुण मुलं आपलं ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. गांजा ओढून पहिल्यांदा गाणं ऐकणाऱ्याला ते खरोखर वेगळं वाटतं. काळ ताणल्यासारखा होतो. एका सुराला चिकटून राहावंसं वाटतं, सारंगीची आस, सिंथेसायझरची एखादी बारीक रेघ डोळ्यांपुढे दिसल्यासारखी होते. कॉलेजातली मुलं मला हे सांगतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पण वाटणं आणि असणं यांत किती अंतर पडतं ते पाहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टॉम फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गांजा घेतल्यावर लोकांना संगीत ऐकण्याची इच्छा वाढल्यासारखी वाटली. त्याच वेळी, ज्या गांजात कॅनाबिडायॉल हा घटक नव्हता तो घेतल्यावर, संगीताला मेंदूनं द्यायचा प्रतिसाद श्रवणाच्या भागात आणि सुखाच्या, भावनेच्या भागांत मंदावलेला आढळला. सोळा माणसांवरचा प्रयोग, त्यावरून मोठे निष्कर्ष काढायचे नाहीत हे मला समजतं. तरी तहान वाढते आणि पाणी आत जात नाही, हे मी केंद्रातल्या मुलांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की मला त्या प्रयोगाचं नवल वाटलं नाही.

एमडीचं तर वेगळंच. पुण्या-मुंबईत मेफेड्रोनला सगळे एमडीच म्हणतात, आणि 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातल्यापासून हे नाव घराघरांत पोचलं आहे. एमडी घेतलेला मुलगा रात्रभर नाचतो, भूक नाही, झोप नाही. डीजेचा प्रत्येक ड्रॉप त्याला आभाळ फाटल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनी तो तेच गाणं घरी हेडफोनवर लावतो आणि त्याला वाटतं, हे इतकं पोकळ कसं होतं? एका मुलानं मला सांगितलं की एमडीशिवाय त्याला आता कुठलंच संगीत सहन होत नाही, बसच्या हॉर्नसारखं वाटतं. तो गिटार वाजवायचा. नाचण्याच्या संगीताला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाढलेलं आणि पुढे गोवा ट्रान्स म्हणून जगभर गेलेलं संगीत पूर्ण शुद्धीत ऐकावं इतकं गुंतवणारं आहे. ते नशेशिवाय ऐकताच येत नाही, असं मानणं हा त्या संगीताचा अपमान आहे.

आपल्याला वाटेल, हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं, मोठे कलावंत काय म्हणतात? तर जिथे ही समजूत सगळ्यांत खोल रुजली होती तिथलं सांगते. न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये 1940 च्या दशकात चार्ली पार्कर नावाच्या सॅक्सोफोनवादकानं सगळं उलटंपालटं करून टाकलं. तो पौगंडावस्थेतच हेरॉइनच्या आहारी गेला होता. त्याच्यासारखं वाजवता यावं म्हणून कितीतरी तरुण वादकांनी सुई हातात घेतली. वाजवणं कुणालाच जमलं नाही, सुई मात्र सगळ्यांना जमली. आणि खुद्द पार्कर काय म्हणत होता? 1949 साली एका जॅझ मासिकाला त्यानं सांगितलं की गांजावर, सुईवर किंवा दारूवर आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक सरळसरळ खोटं बोलतो. 1946 मध्ये लॉस एंजेलिसला अत्यंत वाईट अवस्थेत त्यानं केलेलं एक ध्वनिमुद्रण आहे. रसिक त्यातली व्याकुळता ऐकून हळहळतात, त्याला श्रेष्ठ म्हणतात. पार्करला ते ध्वनिमुद्रण बाजारात आल्याचाच संताप होता. लोकांना जी खोली वाटली ती त्याच्या कानाला मोडतोड ऐकू आली होती. त्यानंतर सहा महिने तो कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात होता. 1955 मध्ये वारला तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि देह पाहणाऱ्या डॉक्टरांनी वय पन्नाशीच्या पुढचं धरलं होतं.

त्याच जॅझमधला जॉन कोल्ट्रेन पाहा. 1957 मध्ये हेरॉइनपायी माइल्स डेव्हिसच्या संचातून त्याला जावं लागलं. त्याच वर्षी त्यानं फिलाडेल्फियाला घरी राहून ते सोडलं. त्या वर्षी आपल्याला ईश्वराच्या कृपेनं आध्यात्मिक जाग आली, असं त्यानं पुढे 'अ लव्ह सुप्रीम' या ध्वनिमुद्रिकेसोबत स्वतः लिहिलं. ज्यासाठी आज जग त्याला ओळखतं ते जवळजवळ सगळं 1957 नंतरचं आहे. हा माणूस आपल्या संगीतापाशीही आला होता. रविशंकरांना तो भेटला, आणि 1965 मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. सनी रॉलिन्सची गोष्ट केंद्रात मी मुद्दाम सांगते. तो 1955 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचाराला गेला, तेव्हा त्याला धास्ती होती की नशा सुटली तर वाजवणंही सुटेल. हीच धास्ती मी आपल्या वादकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. रॉलिन्सचं वाजवणं सुटलं नाही. पुढे कित्येक दशकं तो वाजवत राहिला.

रविशंकरांचंच पुढे सांगते, कारण ते थेट आपल्या श्रोत्यांशी जोडलेलं आहे. 1967 साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या महोत्सवात आणि 1969 साली वुडस्टॉकला ते वाजवायला बसले तेव्हा समोरची बरीच तरुण मंडळी नशेत होती. सतार आणि नशा यांची जोडी पाश्चात्त्यांनी तेव्हा पक्की बसवली होती. रविशंकरांनी ती कधीही मान्य केली नाही. मंचावरून आणि मुलाखतींतून ते सांगत राहिले की माझ्यापुढे स्वच्छ मनानं बसा, धूम्रपान करू नका, हे संगीत स्वतःच तुम्हाला वर नेईल. 1971 मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमातही त्यांनी श्रोत्यांना धूम्रपान न करण्याची विनंती केली. वाद्यं जुळवून झाली तर लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या, आणि ते म्हणाले की जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. लोक हा किस्सा हसून सांगतात. मला त्यात त्यांचा धीर दिसतो. जगाच्या पाठीवर सगळ्यांत मोठ्या मांडवात बसूनही त्यांनी आपली अट सोडली नाही.

आणि घरचं. भीमसेनजींच्या पिण्याच्या गोष्टी सांगणारी माणसं मला दर हंगामात भेटतात. त्यांनी दारू सोडली, हे सांगणारं क्वचित कुणी भेटतं. सोडल्यानंतर कित्येक वर्षं ते गायले, सवाईचा समारोप करत राहिले, संतवाणीचे कार्यक्रम गावोगाव केले, 2008 मध्ये भारतरत्न झाले. त्या आवाजाच्या माणसानं दारूला हरवलं, ही गोष्ट आपण पोरांना का सांगत नाही? मला तर ती सगळ्या किस्स्यांत थोर वाटते. यापुढे कुणी अर्धा किस्सा सांगू लागला तर त्याला उरलेला अर्धा सांगायला लावा, एवढी माझी पहिली विनंती आहे. ज्यांना सोडता आली नाही त्यांच्या बाबतीतही शेवट सांगा. थरथरणारे हात, हुकलेल्या तारखा, साथीला कुणी मिळेना असे दिवस, रुग्णालयाची बिलं भरायला काढलेली वर्गणी. आपल्यापैकी अनेकांनी त्या वर्गणीत पैसे घातले आहेत.

आयोजकांना दुसरी विनंती ग्रीनरूमची. कलाकारांची 'सोय' म्हणून बाटली ठेवायची पद्धत बंद करा. प्रायोजकांच्या घरची नंतरची पार्टी असेल तर साथीदारांना तिथे यायलाच हवं अशी परिस्थिती ठेवू नका. मुख्य कलाकार म्हणाला, घे रे थोडी, तर नुकता सावरलेला तबलजी किंवा पेटीवाला नाही कसा म्हणेल? त्याची पुढची तारीख त्याच माणसाच्या हातात असते. माझ्या ओळखीतल्या एकाची स्लिप, म्हणजे सुटलेल्या नशेकडे पुन्हा घसरणं, अशाच एका ग्लासानं झाली. दारूच्या त्या ग्लासानंतर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पुडीपर्यंत गेला. नाही म्हणण्याचं ओझं त्याच्यावर टाकण्यापेक्षा आपण ग्लासच पुढे करू नये, यात मोठेपणा कसला, साधी माणुसकी आहे.

गुरुजनांना एक कळकळीचं सांगणं. शिष्य वेळेवर येईनासा झाला, पैसे मागू लागला, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागला, ऐकताना त्याचा चेहरा कोरा दिसू लागला, तर रियाज वाढव, आपोआप सुटेल, असं सांगू नका. रियाजानं व्यसन सुटत नाही. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, म्हणून सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे, तो आकडा क्लासच्या भिंतीवर लावून ठेवा. आणि त्याला घराण्याची अब्रू वगैरे ऐकवू नका. तो आजारी आहे.

संगीतानंच व्यसन बरं होतं, असा दावाही मी करत नाही. तसं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. गाणं उलटही फिरतं. एकदा कुणाच्या तरी फर्माइशीवरून मी एक जुनं सिनेमातलं गाणं घेतलं. दुसऱ्या ओळीला एक मुलगा उठला, कपाळावर घाम, दोन्ही हात पोटावर दाबलेले. पन्नी लावताना त्यांच्या टोळक्यात ते गाणं वाजत असायचं. गाणं कानावर पडलं आणि त्याच्या तोंडात मालाची चव आली. समुपदेशकानं त्याला बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं, पुष्कळ वेळ बोलत राहिला. तेव्हापासून नवीन गाणं घेण्याआधी मी सगळ्यांना विचारते. कित्येकांची लहानपणापासूनची आवडती गाणी अशी कायमची डागाळली आहेत. त्यांच्यासाठी आम्ही वेगळीच गाणी शोधतो, ज्यांच्याशी कुठलीच जुनी संध्याकाळ जोडलेली नाही. अशा वेळी अभंग, ओव्या, भूपाळ्या फार उपयोगी पडतात. आजीच्या तोंडून ऐकलेलं बहुतेक वेळा शाबूत असतं.

आनंद परत येतो का, हे आपण मला नक्की विचाराल. येतो, पण उशिरा. मेथॅम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनिंगमध्ये डोपामिनच्या यंत्रणेतली काही झीज वर्षभराहून अधिक काळ दूर राहिल्यावर भरून येताना दिसली आहे. तेवढे महिने माणसानं तग धरायचा तो कशाच्या बळावर? सूर कळतोय आणि काही होत नाहीये, अशा अवस्थेत रोज वाजवत राहायचं हे रियाजातलं सगळ्यांत कठीण काम आहे. माझ्या तबलजीनं ते केलं. केंद्रातून गेल्यावर तो फॉलोअपला येत राहिला, माझ्या संध्याकाळी साथ करत राहिला, बहुतेकदा यंत्रासारखी. मग एकदा एक नवखा मुलगा यमनमधली मध्यलयीतली चीज म्हणत होता, अगदी कच्ची, आणि तान घेऊन समेवर येता येता चुकून एक मात्रा आधी आला. तबलजीनं ठेका न मोडता एक लहानसा तुकडा टाकून त्याला अलगद समेवर आणून ठेवलं आणि मोठ्यांदा हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, मजा आली." आजूबाजूच्या कुणाला त्याचं काही वाटलं नसेल. मला पेटीवर पुढचा सूर सापडेना.

आपल्या सांस्कृतिक जगाला हे काम परकं नाही. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, त्यामागे पु.ल. आणि सुनीताबाईंची मदत होती. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर जे लिहिलं ते वाचून ती दोघं अस्वस्थ झाली होती. मैफलीवर पु.लं.इतका जीव टाकणारा माणूस आपल्याकडे विरळा, आणि त्याच माणसाला असं वाटलं की या मुलांसाठी काही केलं पाहिजे. आपणही करू शकता. आपल्या महोत्सवाच्या काही जागा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी ठेवा, समुपदेशकासकट. गावात आलेल्या कलाकाराला दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर केंद्रात घेऊन जा. भाषण नको, फक्त एक राग. कॉलेजातल्या मंडळांनी एखाद्या सावरलेल्या वादकाला बोलवावं, त्याला वाजवायला सांगावं आणि मग मुलांना मोकळेपणानं विचारू द्यावं. पोस्टर-स्पर्धेपेक्षा त्याचा उपयोग शंभर पटीनं होतो.

सगळ्यांत शेवटी, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचं, काम द्या. साथीदाराला पगार नसतो, रजा नसते. उपचाराला गेलेल्या माणसाचं नाव फोनमधून पुसलं जातं आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तो सावरून परत आला तरी तो भरवशाचा नाही म्हणून कुणी बोलावत नाही, आणि रिकामी संध्याकाळ ही त्याच्यासाठी सगळ्यांत धोक्याची असते. एकदम मोठ्या मैफलीला बसवा असं मी म्हणत नाही. सकाळच्या सत्रात, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात, बालगायकांच्या स्पर्धेत त्याला साथीला घ्या. मानधन ठरलेलं द्या, त्याच दिवशी द्या आणि त्याला चालत असेल तर घरच्यांच्या खात्यात जमा करा. पहिलं वर्षभर हातात रोख रक्कम नको, असं बरेच जण स्वतःच सांगतात. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालणार असेल तर त्याला आधीची वेळ द्या, म्हणजे तो औषधं आणि झोप सांभाळू शकेल.

मी ज्याच्याविषयी लिहिलं तो तबलजी येत्या हंगामात साथीला मोकळा आहे. ख्यालाची साथ उत्तम करतो, ठुमरी-दादऱ्याला तर फारच छान. एकल वादनाला अजून तयार नाही, असं तो स्वतःच म्हणतो. त्याचं नाव मी इथे देत नाही, ते त्यानं द्यायचं. आपल्यापैकी कुणी अशा वादकांसाठी दोन-चार तारखा राखून ठेवल्या, तर आपल्या गावातल्या व्यसनमुक्ती केंद्राला एक फोन करा. असा एखादा वादक बहुतेक केंद्रांच्या ओळखीत असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक संगीतशिक्षिका, पुणे